चिठ्ठ्या न टाकलेली गावे

बडोदे मी पहिल्यांदा पाहिले ते उलट्या बाजूने. पॅसेंजरमध्ये डुलकी लागली, स्टेशन मागे पडले आणि जाग आली तेव्हा गाडी बाजव्याला उभी होती. समोर तेलशुद्धीकरण कारखान्याच्या उंच धुराड्यावर भर सकाळी ज्योत जळत होती. रिक्षा करून मागे फिरले.

नव्वदीचे दशक सरत आले होते. पुण्यात आम्ही काही जण कमी वजनाच्या नवजात बाळांवरचे ठिकठिकाणचे अभ्यास एकत्र करून तपासत होतो. आईने बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब दिली, तर जास्त बाळे वाचतात का? चिठ्ठ्या टाकून आयांचे दोन गट केलेले असतील तोच अभ्यास घ्यायचा, असा आमचा नियम. बडोद्याच्या सुलभाताईंच्या अभ्यासात चिठ्ठ्या नव्हत्या. तो वगळण्याआधी निदान त्यांना भेटावे, म्हणून मी आले होते.

सुलभाताई निवृत्त बालरोगतज्ज्ञ. घर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीत.

"बाजव्याला उतरलात? बहु सरस (फारच छान)!" त्या हसल्या आणि पुढ्यात शेव-उसळ ठेवली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"चिठ्ठ्या का नाही टाकल्या?" पाणी पिऊन मी विचारले.

"टाकणार होते. पण पहिल्याच गावात एकीने बाळ छातीशी धरलं, तिचं पाहून शेजारणींनी धरलं. कुणाला सांगू, तू खाली ठेव म्हणून? मग ज्या गावांतल्या सुइणी हे शिकल्या ती एकीकडे आणि उरलेली दुसरीकडे, असं केलं."

दुपारी आम्ही जीपने सावली तालुक्यातल्या एका गावात गेलो. वाटेत कपाशीची शेते, मधेच नव्या कारखान्यांच्या भिंती.

"आवो, बेसो (या, बसा)," अभ्यासातल्या एक आई, कांताबेन, म्हणाल्या आणि पाणी घेऊन आलेल्या उंच मुलीकडे बोट दाखवले. "आ मारी दीकरी (ही माझी मुलगी). ओंजळीत मावायची!"

डॉक्टरबेन आल्याचे कळताच अंगण भरत गेले. आया आणि त्यांची वाढलेली मुले. कुणी शाळेच्या गणवेशात, कुणाला मिसरूड फुटलेले. इतके दिवस मी ज्यांना तक्त्यात आकडे म्हणून पाहत होते, ती समोर धक्काबुक्की करत हसत होती.

"ताई, हा अभ्यास घ्यायलाच हवा," मी सुलभाताईंना म्हणाले.

"घाई करू नका. जी राहिली नाहीत, ती अंगणात कशी येतील?"

त्यांनी मला गावाच्या टोकाच्या घरी नेले. रेवाबेन सुपात धान्य पाखडत होत्या. त्यांनीही बाळाला तशीच ऊब दिली होती. सुलभाताईंनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"छेल्ले सुधी (शेवटपर्यंत) इथेच होता," छातीवर तळहात ठेवत रेवाबेन म्हणाल्या, आणि सूप पुन्हा उचलले.

परतताना सुलभाताईंनी जीपमधून रस्त्याकडे बोट दाखवले. मग म्हणाल्या, "सुइणी शिकलेल्या या गावांना डांबरी रस्ता होता, दवाखाना जवळ होता. दुसऱ्या गटातल्या गावांना यातलं काही नव्हतं. बाळं उबेने वाचली की रस्त्याने, हे मला पुरतं वेगळं काढता आलं नाही. ते लिहा, आणि मग घ्या."

स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल कुणी इतके सरळ बोलताना मी ऐकले नव्हते. अंगण पाहून मी दिपले होते. इथे मान लवली.

पुण्यात बैठकीत वाद झाला, पण अभ्यास घेतला. चिठ्ठ्यांच्या अभ्यासांत मिसळला नाही. वेगळा ठेवला, रस्त्याच्या उल्लेखासह.

"म्हणजे यावर विश्वास ठेवायचा की नाही?" एका सहकाऱ्याने विचारले.

"किती ठेवायचा, ते लिहिलंय," मी म्हणाले.

अहवाल छापून आला. त्यातल्या मृत्यूंच्या रकान्यापाशी मी अजून थांबते. रेवाबेनचा मुलगा तिथे आहे. अभ्यास वगळला असता, तर तो कुठेच नसता.