मामांचं परिशिष्ट सात

छापलेली कोणतीही गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद, लिफ्टमधली सूचना, बँकेच्या अर्जामागची मुंगीएवढी अक्षरं, सगळं मामा ओळीखाली बोट फिरवत वाचतात. आमच्या लग्नात तर त्यांनी मंगल कार्यालयाचा करारच मागवून घेतला होता. अट चौदाप्रमाणे सकाळी नऊपर्यंत गरम पाणी मिळायला हवं होतं आणि बंब पावणेनऊलाच विझवला होता. मामांनी कार्यालयाच्या मालकांना खुर्चीवर बसवून ती अट मोठ्याने वाचायला लावली. गुरुजी घड्याळ दाखवू लागले तेव्हा म्हणाले, "मुहूर्त तुमचा, करार माझा. दोन्ही पाळू." बंब पुन्हा पेटला. आंघोळी कधीच्या उरकल्या होत्या, त्यामुळे त्या पाण्याला कोणी हात लावला नाही.

मामा वकील. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर घर, पुढच्या खोलीत कचेरी. साठीपर्यंतचं आयुष्य घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांत गेलं. पुण्यात पर्यावरणाच्या तंट्यांचं एक न्यायालय आहे, तिथे लांबलांबच्या गावांतून माणसं येतात. त्या न्यायालयात काम करणाऱ्या एका तरुण वकीलबाईंनी एकदा औष्णिक वीज केंद्राचा हवा प्रदूषणाचा परवाना मामांकडे आणून दिला, कारण तो इतका जाडजूड होता की दुसरं कोणी वाचायला तयार नव्हतं. मामांनी तो दोन दिवसांत संपवला आणि तिसऱ्या दिवशी भाडेकरूंना कायमचा नमस्कार केला. धुराडं किती उंच हवं, धूर किती सोडायचा, राख कुठे टाकायची, हे सगळं त्यात अटी घालून छापलेलं असतं, हे पाहून ते हरखून गेले. "देणाऱ्याने वाचला नाही, घेणाऱ्याने वाचला नाही," ते मला म्हणाले, "म्हणजे तो माझ्यासाठीच छापला असणार." तेव्हापासून गेली कित्येक वर्षं मामा परवान्यांना आव्हान देत आहेत. जिंकले थोडे, हरले पुष्कळ, पण वाचले सगळे.

प्रत्येक कागदाला परिशिष्टाचा क्रमांक देण्याची कचेरीतली शिस्त हळूहळू स्वयंपाकघरात शिरली. मामींच्या डब्यांवर मामांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. परिशिष्ट एक म्हणजे चहा, दोन साखर, असं करत सहावर पोहे. दारामागे अनुक्रमणिका. मामींनी पन्नास वर्षांच्या संसारात याहून बरंच काही सोसलेलं असल्यामुळे त्यांनी हेही सोसलं. अशातच विदर्भातल्या एका गावाची केस आली. गावाशेजारच्या वीज केंद्रात दोन नवे संच उभे राहायचे होते आणि त्यांच्या परवान्याला यमुनाबाई नावाच्या गावातल्याच एका विधवा बाईंनी आव्हान दिलं होतं. श्वासाचा त्रास वाढला म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना पुण्याजवळ वाघोलीला आपल्या फ्लॅटवर आणून ठेवलं होतं. येताना त्यांनी आपल्या छतावर वाळवलेल्या कुरडया आणल्या होत्या, राखेने करड्या पडलेल्या. त्या मामांनी पुरावा म्हणून एका डब्यात घातल्या आणि डब्यावर लिहिलं, परिशिष्ट सात.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच. मी सहज म्हणून गेलो, मामींनी फळीवरचा सातवा डबा काढला आणि जावयासाठी कुरडया तळल्या. नाचणीच्या असतील असं समजून मी चार खाल्ल्या. मामा आतून आले, रिकामा डबा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आपण यमुनाबाईंचा पुरावा खाल्लात." मामी म्हणाल्या, "अहो, मग डब्यावर तसं लिहायचं!" "लिहिलंच आहे," मामा म्हणाले. मग कागद पुढे ओढून त्यांनी मला विचारलं, "दाताखाली कचकचलं का?" मी हो म्हटल्यावर तसं प्रतिज्ञापत्र लिहून माझी सहीसुद्धा घेतली. ते न्यायालयात जाऊ नये म्हणून त्या तरुण वकीलबाईंना मामांच्या दोन दिवस विनवण्या कराव्या लागल्या.

पण मामांच्या मनाला ते लागलं होतं. पुढच्याच रविवारी ते मला गुन्हेगार म्हणून वाघोलीला घेऊन गेले. नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून चारी बाजूंना बांधकामं दिसत होती. "राखेतून उचललं आणि सिमेंटात आणून ठेवलं," मामा माझ्या कानात पुटपुटले. कुरडयांचं ऐकून यमुनाबाई खोकला येईपर्यंत हसल्या. "खाल्ल्या त खाल्ल्या जी, कुरोड्या खायासाठीच असतात. पन आता नव्या कोठून देऊ? चैतात वारा फिरते अन् सारी राख आमच्या छतावर येते. थंडीत काही बी वाळवा, साफ राहते. तवा वारा तिकडं जाते." मामा एकदम उठले. पिशवीतून त्यांनी कंपनीचा हवेचा अहवाल काढला. मोजमाप घेतलं होतं ते थंडीच्याच तीन महिन्यांत. ते पान मामांनी निदान वीसदा वाचलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "यमुनाबाई, हे मी वाचलं होतं. मला दिसलं नाही." इतक्या वर्षांत असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. निघताना यमुनाबाईंनी विचारलं, "केस झाली का मंग मी घरी जाऊ ना जी? पोरगा तसाच म्हनला हाये." मामा म्हणाले, "बघू."

निकाल लागायला पुढे बरेच महिने गेले. परवाना रद्द झाला नाही. उन्हाळ्यात पुन्हा मोजमाप होईपर्यंत नवे संच सुरू करू नयेत आणि गावात हवा मोजायचं यंत्र बसवावं, एवढं पदरात पडलं. सगळ्यांनी मामांचं अभिनंदन केलं. मामांनी निकालपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "जुनी धुराडी आहेत तशीच." आम्ही वाघोलीला गेलो तेव्हा यमुनाबाईंची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मामांनी त्यांना सगळं सोप्या भाषेत समजावलं. नवा धूर थांबला आहे, जुना थांबलेला नाही, तिथे गेलात तर श्वासाचा त्रास वाढेल, डॉक्टरही तेच सांगतात. यमुनाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "ते समजलं जी. आता जाऊ का घरी, ते सांगा." प्रत्येक प्रश्नाला पोटकलमासकट उत्तर देणाऱ्या मामांनी निकालपत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "अहो, घर तुमचं आहे. तुम्हाला कशाला हवी कोणाची परवानगी?" मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याच आठवड्यात यमुनाबाई गावी गेल्या.

आता मामा रोज सकाळी नऊ वाजता त्यांना फोन करतात. "आज वारा कुठून?" असं विचारतात आणि त्या सांगतील ते वहीत लिहून ठेवतात. उन्हाळ्यातल्या मोजमापानंतर पुन्हा तारीख पडेल तेव्हा ही नोंद लागेल असं त्यांचं म्हणणं. गावात यंत्र केव्हाच बसलं आहे आणि ते वाऱ्याची नोंद ठेवतंच, पण मी ते बोलून दाखवत नाही. परवा मी समोरच बसलो होतो. वारा विचारून झाला, लिहूनही झाला, तरी मामांनी फोन ठेवला नव्हता. पलीकडून यमुनाबाईंचा खोकला मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. तो थांबेपर्यंत मामा फोन कानाशी धरून नुसते बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "हं, बोला आता."