वर्नाचं पावसाळी चाटण

मी या फार्मवर सतरा वर्षं स्वयंपाक करते, त्यामुळे मी कुणाच्या बापाला भीत नाही. फार्मची मालकीण वर्ना तर माझ्यावरही वरताण! साठी उलटली तरी ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आमच्या आखाताकाठच्या गवताळ मुलखात गाई मेलेल्या गुरांची हाडं चघळतात. लोक हसतात. वर्ना हसत नाही. ती म्हणते, "जमिनीत हाडांना लागणारं स्फुरदच नाही. गाभण गाय आपल्या हाडातलं पोटातल्या वासराला देते आणि स्वतः हाडं हुडकत फिरते."

इथे सगळे कोरड्या महिन्यांत गुरांना स्फुरद-मिठाचं चाटण ठेवतात. पाऊस पडला, गवत गाईंच्या पोटापर्यंत वाढलं, की बंद! वर्ना भावावर ओरडली, "अरे क्लेम, हिरवं चरतानाच तर ते अंगी लागतं!"

क्लेम चिडला. "ठीक आहे, दोन पावसाळे घालून बघ. तुझी वासरं माझ्या वासरांपेक्षा भारी भरली नाहीत, तर तुझ्या साठही पहिलटकरणी गाई कसाईखान्यात. कबूल?"

त्या साठ जणींना तिने नावं ठेवली होती हो! तरी ती म्हणाली, "कबूल."

दोन पावसाळे तिने चिखलातून चाटणाची पोती वाहिली. चारदा तिचा ट्रॅक्टर रुतला, चारही वेळा मीच ओढून काढला, आणि दर वेळी वर शिव्याही खाल्ल्या.

दुसरा पावसाळा सरल्यावर, मे महिन्यात, वासरं वजनाला आली. सकाळी चहा घेऊन गेले, तर क्लेमची वासरं हौदावर पोटं फुगेस्तोवर पाणी पीत होती आणि वर्नाची रात्रीपासून कोरडी कोंडलेली. पाण्याचंही वजन भरतं की! माझं डोकंच फिरलं.

"बोंब मारू का?" मी वर्नाला विचारलं.

"गप्प बस. पिऊ दे त्यांना," ती म्हणाली.

काट्यावर एकेक वासरू चढलं. शेवटी हिशेब लागला: वर्नाची वासरं सरासरी एकवीस किलोने भारी!

"क्लेम, पाणी वजा केलं तर किती रे?" वर्नाने विचारलं.

क्लेमचे कान लाल झाले. गडी फिदीफिदी हसायला लागले.

"अठ्ठावीस असेल," तो पुटपुटला. "मेव्हिस, तूच चुगली केलीस ना?"

"मी? मी फक्त चहा आणला!"

वर्ना कुंपणावर बसली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडली. क्लेमने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"रडू नकोस गं. राहू देत त्या साठजणी. माझ्याही गाईंना यंदापासून पावसात चाटण घाल."

वर्नाने नाक पुसलं. "घालते की. पण ट्रॅक्टर तू चालवायचा, आणि रुतलास तर मी ओढणार नाही."