चौसष्टमध्ये बसवलेली एक्सपी

हिंगणघाटला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. ह्यांची कापसाच्या जिनिंगमधली नोकरी गेल्यापासून घर त्या पाच मशिनींवर चाललं होतं, त्यामुळे फावल्या वेळचा उद्योग वगैरे म्हणणाऱ्यांचा मला राग यायचा. मशिनी नागपूरहून जुन्या आणलेल्या. प्रत्येकीत चौसष्ट एमबी मेमरी आणि विंडोज नाइन्टी-एट. मुली पत्र टाइप करायच्या, ते तसंच उघडं ठेवून तक्ता करायच्या, मध्येच चित्रात शिरायच्या. मशीन कधी कुरकुरली नाही.

मग बसस्टँडजवळ दुसरा क्लास निघाला आणि तिथे नवी विंडोज आली, एक्सपी. एक्सपी म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिच्या पडद्यावर निळं आभाळ आणि हिरवी टेकडी असते एवढं सगळ्यांना ठाऊक झालं. प्रवेशाला येणारे आईबाप शिकवणारी बाई कोण, ती शिकवते काय, हे विचारेनासे झाले. चष्मा लावून सरळ पडद्यात डोकावायचे.

माझ्याकडे वडनेरहून एसटीने येणारी एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं तिथे किराणा दुकान. तिची बोटं अशी चालायची की बाकीच्या मुली हात थांबवून बघत राहायच्या. तिला ऑपरेटरची नोकरी करायची होती. वडिलांनी एकाच परीक्षेची मुभा दिली होती, पास झाली तर पुढे, नाही तर दुकानाच्या गल्ल्यावर. एक दिवस ते स्वतःच आले.

"म्याडम, पोरगी म्हणते तुम्ही शिकवता चांगलं," ते म्हणाले. "पण तुमच्या इथं जुनंच चालू हाय. जुनं शिकून तिले कोण घेईन?"

मी आधी लबाडी करून पाहिली. त्या टेकडीचं चित्र कुठूनसं आणून पाचही पडद्यांवर चिकटवलं, आत नाइन्टी-एटच. दुसऱ्याच दिवशी एका पालकांनी खालच्या कोपऱ्यातल्या स्टार्टच्या करड्या बटणावर बोट ठेवून सांगितलं, "इथं बटन हिरवं पाह्यजे, म्याडम." माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार.

शेवटी वर्ध्याहून मशिनी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. नवी मेमरीची पट्टी या जुन्या बोर्डात बसत नव्हती, जुनी पट्टी बाजारात मिळत नव्हती.

"मग चौसष्टमध्ये एक्सपी बसते का?" मी विचारलं.

"बसते न. पण मंग बसूनच राह्यते."

"म्हणजे नाइन्टी-एटच ठेवू?"

"ठेवा. मशीन बढिया चालन. पण पोरी कुठी ठेवसान?"

त्या महिन्यात तीन मुली बसस्टँडजवळच्या क्लासला गेल्या होत्या. वडनेरचीही जाणार हे दिसत होतं, आणि ती गेली असती तर तिच्यामागून येणाऱ्या तिच्या मैत्रिणीही. मी दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसले आणि वर्ध्याच्या माणसाला म्हटलं, टाका एक्सपी.

पुढचे महिने कठीण गेले. बटण दाबून आम्ही सगळ्या नुसत्या बसून राहायचो. पडद्यावरचं ते वाळूचं घड्याळ पाहून मला रडू यायचं, पण मुलींसमोर रडायची सोय नव्हती, मग मी फळ्यावर काहीबाही लिहीत बसायचे. एक काम उघडलं तर चालायचं. दोन उघडली तर धाप लागायची. तिसरं उघडलं की मशीन गपगार. म्हणून मी नियम केला, हातातलं काम सेव्ह करून बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हळू हात असलेल्या मुलींना त्यात काही जड गेलं नाही.

वडनेरची मात्र चिडायची. "काऊन थांबायचं, म्याडम? मले तं पुढचं येते."

"तुला येतं गं. मशीनला येत नाही."

ती हसायची, थांबायची, आणि जरा वेळाने पुन्हा विसरायची. तिचा हात नाइन्टी-एटवर तयार झाला होता.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. सज्जन गृहस्थ, पण घड्याळाचे पक्के. तीन प्रश्न होते, एक पत्र, एक हिशेबाचा तक्ता, एक चित्र. वडनेरच्या मुलीचे वडील बाहेर ओट्यावर बसले होते, शेवटच्या गाडीने दोघांना परतायचं होतं. ती सुटली ती सुटलीच. बाकीच्या मुली अजून पत्राचा मायना लिहीत होत्या तेव्हा तिचा तक्ता पुरा झाला होता. मी खिडकीपाशी उभी होते. पडद्याच्या खालच्या पट्टीवर दोन कामं उघडी दिसली. परीक्षेत बोलायची मला बंदी. मी खोकले. तिने वर पाहिलंसुद्धा नाही आणि तिसरं उघडलं.

पडदा पांढरा झाला. ती हात मांडीवर ठेवून बसली.

"सर, हात लावू नका," मी म्हटलं. "येईल. थोडा वेळ द्या, येईल." मी अक्षरशः हात जोडले होते. त्यांनी वाट पाहिली, खरंच पाहिली. मग म्हणाले, बंद करून पुन्हा सुरू करा. सेव्ह काहीच केलेलं नव्हतं, पत्रही गेलं, तक्ताही गेला. मशीन पुन्हा उठेपर्यंत वेळ संपली. त्यांनी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही लिहिता आलं नसतं. बाकीच्या सगळ्या पास झाल्या.

मी ओट्यावर गेले आणि वडिलांना सगळं सांगितलं. मशीनमध्ये मेमरी कमी आहे, जुनी विंडोज तिला पुरत होती, नवी पेलत नाही. तुमची मुलगी सगळ्यांत हुशार आहे, तिला पुन्हा एकदा बसू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, तुम्ही मनाच्या चांगल्या हाय," ते म्हणाले. "पण तिच्यासाठी मशीनले नावं नका ठेवू. त्याच मशिनींवर बाकीच्या पोरी पास झाल्या न."

ती दारात उभी होती. "बाबा, मी पत्र केलतं. तक्ताबी केलता."

"दिसलं तं नाई न, बाई," ते म्हणाले, आणि तिची पिशवी उचलून एसटीकडे निघाले.