पाठीची बरणी

रहिमतपूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा दादांनी माझ्या हातात लोणच्याची जुनी बरणी कोंबली. दादा म्हणजे आब्बांचे वडील. ते आणि दादी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तांब्याच्या ताटल्यांवर मिना चढवतात. काचेची रंगीत पूड पेरायची आणि भट्टीत वितळवायची. बरणीत तीच पूड होती, पण उरलीसुरली, सगळे रंग एकत्र होऊन राखाडी झालेली. दादी तिला खिचडी म्हणते. लोकांना निघताना लाडू मिळतात, मला केर मिळाला.

त्या खिचडीशी माझं जुनं वैर. सहा वर्षं दादांनी मला ताटल्यांच्या फक्त पाठी करायला लावल्या. पुढचे मोर, वेली त्यांच्या. चिंचेनं तांबं घासून पाठीवर खिचडी पेरायची, ते माझं. भिंतीवर टांगल्यावर पाठ कोण बघतं, असं विचारलं की एकच उत्तर, "आदी पाठ. तोंड मागनं." का, ते सांगायचं नाही, हातात चिंच द्यायची. सांगितलं तर माणूस शहाणा होईल ना! वैतागूनच मी घर सोडलं आणि बरणी मुद्दाम गाडीत सीटखाली ठेवून उतरले.

इथे पुण्यात मी काम करते त्या आर्ट गॅलरीत इलेक्ट्रिक भट्टी आहे, ऑनलाइन मागवलेले रंग आहेत. पहिल्या प्रदर्शनासाठी बारा ताटल्या केल्या, फक्त पुढून. देखण्या निघाल्या. चहा होईपर्यंत टिक्, टिक् सुरू झालं. ताटल्या वाकल्या, मोर तडकले. काच एकाच बाजूला असली की थंड होताना ती आणि तांबं एकमेकांना ओढतात, म्हणून पाठीवरही काच लागते. हे मला मोबाइलवरच्या कुणा परक्या माणसानं सांगितलं. दादांना सहा वर्षांत एक वाक्य जड झालं!

प्रदर्शनाला चार दिवस उरलेले, बाराही ताटल्या पुन्हा करायच्या, आणि पाठींना पुरेल एवढा रंग नाही. नाक मुठीत धरून फोन लावला. बरणी हरवली, असं दादीला म्हणाले.

"हरवली न्हाई, टाकलीस. दुसरी भरून ठिवलीया. तू गेलीस त्याच दिशी. ह्ये म्हनले, पयली ती टाकनार."

मागून दादा ओरडले, "इचार तिला, आदी पाठ केलीवती का?"

रागानं रडूच आलं. पूड कुरिअरनं येऊ शकते, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही, आणि मीही नाही. उद्या पहिल्या गाडीनं निघतेय. मी टाकणार हे ठाऊक असून जिथे दुसरी बरणी भरून ठेवतात, ते माझं घर. आणि का म्हणून विचारलं की जिथे हातात चिंच देतात, तेही तेच.