एक जादा ‘बरोबर’

“मॅडम, सकाळधरनं येक बी पीस रिजेक्ट न्हाई,” बबनराव म्हणाले.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

“न्हाई. असं कदी व्हत न्हाई.”

चाकणच्या त्या कंपनीत बबनराव अकरा वर्षं लीक टेस्टच्या मशीनवर होते. ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये हवा भरायची आणि गळती बघायची. निकाल कॉम्प्युटरकडे जातो, मग हिरवा किंवा लाल दिवा लागतो. दिवा ठरवणारी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेले हुकूम, माझी होती. आदल्या दिवशी जुना युनिक्स कॉम्प्युटर काढून आम्ही लिनक्सचा नवा बसवला होता. स्क्रिप्ट जशीच्या तशी त्यावर टाकली. चार चांगले पीस लावले, चारही वेळा हिरवा दिवा लागला. मी सही केली.

बबनरावांनी कपाटातून मुद्दाम भोक पाडलेला व्हॉल्व्ह काढला. रोज शिफ्टच्या सुरुवातीला तो लावून बघायचा नियम होता, त्या दिवशी गडबडीत राहून गेला होता. त्यांनी तो मशीनवर चढवला. हवा सुटल्याचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. दिवा हिरवा लागला.

सकाळचा माल गाडीत भरून झाला होता. मी प्रॉडक्शन मॅनेजर देसाईंना गाठलं आणि गाडी थांबवायला सांगितली. कस्टमरची लाइन बंद पडेल, ते म्हणाले. मग विचारलं, “चूक मशीनची की तुमची?”

“माझी.”

त्यांनी गेटला फोन लावला.

मी लॉग, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः ठेवतो ती नोंद, उघडला. दर पीसमागे तीच तक्रार होती, की हे चिन्ह कळलं नाही. हुकूम वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. दोन्ही कॉम्प्युटरवर त्याचं नाव एकच होतं, आतला प्रोग्रॅम मात्र वेगळा. ‘निकाल फेल आहे का?’ हे विचारताना मी बरोबरचं चिन्ह दोनदा टाकलं होतं. जुना शेल ते चालवून घ्यायचा. नव्याला प्रश्नच कळला नाही, म्हणून तो सरळ पुढच्या ओळीवर गेला. पुढची ओळ होती, ‘नाहीतर पास’.

एक चिन्ह खोडलं. भोकाच्या व्हॉल्व्हला लाल दिवा लागला.

गाडी रिकामी करून सगळा माल पुन्हा तपासला. शिफ्ट संपली तरी बबनराव थांबले. तीन व्हॉल्व्ह गळके निघाले.

आता मी प्रत्येक स्क्रिप्ट तीन-चार शेलवर चालवून बघते, आणि आधी खराब पीस लावते. शिवाय स्क्रिप्टला काही कळलं नाही, तर ती लाल दिवा लावते.