दामूचा नर

दामू रस्त्याने डुक्कर चालवत न्यायचा. मागच्या पायाला दोरी, दामूच्या हातात काठी, आणि पुढे तोऱ्यात चालणारा त्याचा नर. सुकापूरच्या नव्या बिल्डिंगांतल्या बायका नाकाला ओढणी लावून गॅलरीतून मोबाइलवर फोटो काढायच्या. दामू वर बघून म्हणायचा, "नीट काढा ताई, नवरदेव हाय."

आमच्याकडे डुकरं पाळणारी मोजकी घरं, पण नर एकट्या दामूकडे. कोणाची मादी माजावर आली की तो नर तिथे नेऊन ठेवायचा. पैसे घ्यायचा नाही. पिल्लांचं दूध सुटलं की त्यातलं एक निवडून आणायचा. तसा रिवाजच होता. त्यामुळे त्याच्या शेडमध्ये सगळ्यांच्या घरची पिल्लं एकत्र वाढायची.

"आख्खा गाव माझ्याकडं नांदतो, वयनी," तो म्हणायचा.

"गावाचा वास पन येतो," मी म्हणायचे.

त्याला राग यायचा नाही. कोणाला नाही म्हणणंही त्याला यायचं नाही.

मग पिल्लं वाळायला लागली. खाणं तुटायचं, पाठीचा कणा वर यायचा, केस उभे राहायचे, धाप लागायची. आधी दामूकडची गेली, मग माझी, मग सगळ्यांची. एक तरुण डॉक्टरीण येऊन रक्त घेऊन गेली. परत आली तेव्हा दामूच्या ओट्यावर बसून तिने सांगितलं, "काका, हा विषाणू जवळजवळ सगळीकडच्या डुकरांत असतो. पण सगळीकडे सारखा नसतो, प्रत्येक शेडमध्ये थोडा वेगळा. तुमच्याकडे सगळे प्रकार आलेत. आणि एका पिल्लात दोन प्रकार मिसळून तिसराच तयार झालाय."

"म्हंजे माझ्याकडं त्यांचं पन लगीन लागलं," दामू म्हणाला. कोणी हसलं नाही.

"लस नाय काय?" मी विचारलं.

"लशीने मरणं कमी होईल, मावशी. विषाणू जाणार नाही. आणि यांच्याकडे पिल्लं येतात तीच आजारी. नर फिरवणं थांबवा, शेड रिकामी करून धुवा."

दामूने ऐकलं. सगळं विकलं, नरसुद्धा. त्या दिवशी माझ्या दारात येऊन बसला. "खाटकाच्या टेम्पोत आपन होऊन चढला, वयनी," म्हणाला. "त्याला वाटलं, कुटं बोलावनं हाय."

मग तो घरोघर सांगत फिरला, बाहेरचा नर आणू नका. लोक म्हणायचे, डॉक्टर आले, खुर्ची द्या. त्याची सख्खी बहीण जनी, तिची शेड दामूच्या भिंतीला लागून. ती तोंडावर म्हणाली, "तुझं बुडलं म्हनून आमचं पन बुडवतो काय, दादा?" तिने उरणकडून नर आणला आणि दामूचाच रिवाज पुढे चालवला. भावाशी बोलणं टाकलं.

दामूने शेड धुतली, चुना मारला, लस टोचलेल्या दोन गाभण माद्या आणल्या. पिल्लं झाली. दूध सुटलं आणि ती वाळली. पलीकडे जनीचीही वाळत होती. डॉक्टरीण आली.

"आता ह्यो चौथा काय, बाय?"

"तपासावं लागेल, काका."

"तपासून मी काय करू?"

तिने उगाच धीर दिला नाही, म्हणून ती मला आवडली.

त्यानंतर दामू शेडकडे गेला नाही. पावसाळा सरता सरता काविळीने मेला. दारू होतीच, सगळा दोष मी डुकरांवर घालणार नाही.

तेराव्याला जनी रडली. खरं रडली. मग डोळे पुसून पत्रावळी उचलता उचलता तिने मला विचारलं, "वयनी, तुझी मादी कदी येते माजावर? नर मोकळा हाय."

"माझ्याकडं मादी नाय उरली," मी म्हटलं.

शेजारी जेवत बसलेल्या बाईने आपल्या मादीचा मंगळवार सांगितला.

"आनते," जनी म्हणाली. "पिल्लू पन मीच निवडीन."