गुंडाप्पांचा राजीनामा

गुंडाप्पांच्या राजीनाम्याची प्रिंट मी काढून ठेवली होती. सही तेवढी बाकी होती.

आमच्या संस्थेला उमरग्याच्या शाळेतलं शिपायाचं काम ठेकेदाराला द्यायचं होतं. गुंडाप्पा बावीस वर्षं तिथं कायम नोकरीत. काढायचं तर नोटीस आली, चौकशी आली. माणसानं स्वतःच राजीनामा दिला, तर यातलं काहीच लागत नाही. मी हेडक्लार्क. असे कागद आधीही केले होते.

सेक्रेटरी म्हणाले, "मधल्या सुट्टीच्या आत सही घ्या."

गुंडाप्पांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"साहेब, राजीनामा म्हंजी काय वो?"

"नोकरी सोडतो असं लिहून देणं."

"आमच्या आज्याचा एक राजीनामा घरात हाय, उर्दूतला. बांधाचं भांडान मिटलं तवाचा. दोनी भावांच्या सह्या हायती. त्यात कुणाची नोकरी गेली न्हाय."

त्यांचं बरोबर होतं. राजी म्हणजे कबूल, हा शब्द अरबी. नामा म्हणजे लिखित कागद, हा फारसी. निजामाच्या काळी आमच्याकडं दोन्ही बाजूंनी मिळून लिहिलेल्या तडजोडीला राजीनामा म्हणत. वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं मला हे ठाऊक होतं. टाइप करताना कधी आठवलं नव्हतं.

मी त्यांना ते सांगितलं.

"म्हंजी म्या राजी असलो तरच?"

"व्हय."

"मग म्या न्हाय राजी." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला आणि सुट्टीची घंटा द्यायला गेले.

सेक्रेटरींनी मला बोलावलं. "तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"शब्दाचा अर्थ."

"तुमचं काम टायपिंगचं आहे."

यावर उत्तर होतं. पण रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं आणि मी थकलो होतो. कागद घेऊन टेबलाशी परतलो.

पुढच्या आठवड्यात गुंडाप्पांची बदली सास्तूरकडच्या शाखेत झाली. ती ऑर्डरही मीच टाइप केली. रोज मोटरसायकलवर येऊन-जाऊन त्यांची पाठ गेली, पण उरलेली तीन वर्षं त्यांनी पुरी केली.

ऑफिसात कुणी शब्दाचा अर्थ विचारला, तर खरा सांगावा. मात्र त्यानंतर साहेबांच्या केबिनमधून चहाला बोलावणं येईल, ही आशा सोडून द्यावी.